एक तार, चार पट्टे

ठाणें जिल्ह्यांत मानपाडा नांवाचीं दोन ठिकाणें आहेत. एक घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं. दुसरें डोंबिवलीच्या पूर्वेस, स्टेशनाकडून येणारा मानपाडा रस्ता कल्याण-शीळ रस्त्यास जेथें मिळतो तेथें. दोन्ही एके काळचीं खेडीं; आज दोन्हीकडे उंच इमारतींची दाटी झाली आहे. अशा एखाद्या इमारतींत राहणाऱ्या तरुणास, किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या गृहस्थास, सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळाला म्हणजे त्याच्यापुढें जो पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्राचा नसतो. यंत्र काय, पैसे मोजले कीं घरपोंच येतें. प्रश्न असतो एरिअलचा. वीस मीटर लांबीची तार टांगावयाची कोठें, आणि टांगल्यावर तिच्यांत शक्ति घालावयाची कशी?

पैकीं ‘कोठें’ या प्रश्नाचें उत्तर गृहसंस्थेच्या कमिटीच्या हातीं असतें. गच्चीवर कोणी कांहीं बांधूं लागला कीं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनांत शंका उत्पन्न होतात. एकास वाटतें, ही तार वीज ओढून घेईल. दुसऱ्यास वाटतें, आपला टेलिव्हिजन बिघडेल. आणि घरांतील मंडळींना ती वाळवणाच्या दोरीच्या आड येते म्हणून नकोशी होते. या शंका अगदींच निराधार नाहींत, हें पुढें दिसेलच. ‘कशी’ हा प्रश्न मात्र शास्त्राचा आहे, आणि परवाना घेतलेल्या पुष्कळ मंडळींनाहि त्याचें उत्तर नीट उमगलेलें नसतें. म्हणून त्याचें थोडें विस्तारानें विवेचन येथें करावयाचें योजिलें आहे.

ज्याच्या त्याच्या खिशांत मोबाइल फोन असतां हा खटाटोप कशासाठीं, असें सुज्ञ वाचक विचारतील. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईपासून बदलापूरपर्यंत पाण्यानें हाहाकार उडविला; ठिकठिकाणीं वीज गेली, आगगाड्या बंद पडल्या, आणि ज्यांवर आपण सारे विसंबून असतों ते मोबाइल फोनहि कित्येक भागांत मुके झाले. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि हजाराहून अधिक उतारूंना बाहेर काढावें लागलें. अशा प्रसंगीं ज्यास कंपनीचा मनोरा लागत नाहीं, मोटारीची बॅटरी व एक तार एवढेंच पुरतें, असें साधन गांवांत असणें किती मोलाचें आहे, हें निराळें सांगावयास नको. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळीं भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक अंदमानांत होत्या. मुख्य भूमीशीं संबंध तुटलेल्या त्या बेटांवरून लोकांचें कुशल कळविण्याचें काम त्यांच्या रेडिओनें केलें.

मानपाड्याच्या दृष्टीनें यांत आणखी एक विशेष आहे. आपल्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. हातांत धरावयाच्या लहान यंत्रांचे तरंग जवळजवळ सरळ रेषेंत जातात आणि त्या भिंतीपाशीं थांबतात. परंतु ७ मेगाहर्ट्झचा तरंग आठ-दहा मीटर उंचीवरील आडव्या तारेंतून सोडला, तर त्याचा मोठा भाग वर आकाशाकडे जातो, दोन-तीनशें किलोमीटर उंचीवरील विद्युद्भारित थरावर आपटतो, आणि कारंजाच्या पाण्यासारखा सभोंवार खालीं उतरतो. दिवसा पुणें, नाशिक, कोल्हापूर, लातूर हीं सारीं ठिकाणें त्याच्या आटोक्यांत येतात. मध्यें डोंगर असला नसला सारखाच. तेव्हां आपल्यापाशीं फार उंच खांब नाहीं म्हणून हळहळण्याचें कारण नाहीं. मात्र एक अट आहे: यंत्रांतून निघालेली शक्ति तारेपर्यंत पोंचली पाहिजे. पुष्कळांची ती वाटेंतच संपते, आणि त्यांना त्याचा पत्ताहि नसतो.

आतां तारेकडे वळूं. प्रकाशाप्रमाणें रेडिओतरंगहि सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणून ३०० या संख्येस मेगाहर्ट्झच्या संख्येनें भागलें असतां तरंगाची लांबी मीटरांत मिळते. तार त्या लांबीच्या निम्मी असली कीं तींत विद्युत्प्रवाह झोंक्यासारखा सहज झुलूं लागतो. प्रत्यक्षांत ती निम्म्याहून शेंकडा चार-पांच भागांनीं आंखूड करावी लागते. तेव्हां १४३ या संख्येस मेगाहर्ट्झनें भागावें, हा व्यवहारांतला सोपा हिशेब होय. ७.१ मेगाहर्ट्झसाठीं तो २०.१ मीटर येतो, १४.२ साठीं दहा मीटर, २१.२ साठीं पावणेसात मीटर. हौशी मंडळींच्या भाषेंत हे अनुक्रमें चाळीस, वीस व पंधरा मीटरचे पट्टे होत. चौथा, २८ मेगाहर्ट्झचा, दहा मीटरचा.

यांपैकीं ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यास आपल्या इतिहासांतहि एक मानाचें स्थान आहे. आपल्या देशांतला पहिला हौशी रेडिओचालक अमरेंद्रचंद्र गुप्तू. त्याचा परवाना १९२१ सालचा. १९३९ सालीं महायुद्ध पेटतांच सरकारनें या मंडळींचीं प्रक्षेपणयंत्रें काढून घेतलीं. पुढें ऑगस्ट १९४२ मध्यें ‘चले जाव’च्या ठरावानंतर सारे पुढारी तुरुंगांत गेले असतां उषा मेहता या तरुण विद्यार्थिनीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. यंत्राची बाजू नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञानें सांभाळली. राममनोहर लोहियांसारख्या भूमिगत पुढाऱ्यांचें त्यास पाठबळ होतें. त्या केंद्राची तरंगलांबी ४२.३४ मीटर. वाचकांनीं भागाकार करून पाहावा: तीनशें भागिलें ४२.३४ म्हणजे सुमारें ७.०८ मेगाहर्ट्झ, आज भारतांतील हौशी मंडळींना दिलेल्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत ती बरोबर बसते, आणि तिची अर्धतरंग तारहि वीस मीटरच भरते.

पोलिसांचा सुगावा लागूं नये म्हणून हें केंद्र एका जागेवरून दुसऱ्या जागीं हालवीत असत. हें वाचतांना सामान्य वाचकास पळापळीचा थरार जाणवतो. तार टांगलेल्या माणसास निराळीच गोष्ट जाणवते. बिऱ्हाड बदललें कीं तारेची उंची बदलते, भोंवतालचें लोखंड बदलतें, आणि काल नीट जुळलेलें यंत्र आज रुसून बसतें. दर मुक्कामीं ही जुळणी नव्यानें करावयाची, तीहि चोरून, आणि खालीं रस्त्यावर दिशाशोधक यंत्रें घेऊन पोलिस फिरत असतां! १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं गिरगांवांतील पारेखवाडींत छापा पडून हें केंद्र बंद झालें आणि उषाताईंस चार वर्षांची शिक्षा झाली. आज परवाना, पुस्तकें व मोजमापाचीं यंत्रें हाताशीं असतां गच्चीवर एक तार जुळत नाहीं म्हणून जो कंटाळतो, त्यानें ही हकीगत एकदां आठवावी.

जुळणी म्हणजे नेमकें काय? आजच्या घरांतून जातें दिसेनासें झालें असलें तरी त्याचा खुंटा बहुतेकांनीं पाहिलेला असेल. खुंटा जात्याच्या कडेस असला तर हात मोठा फिरतो, पण जोर थोडा पुरतो. तोच खुंटा मधल्या खिळीजवळ ठोकला तर हात इंचभर फिरतो, पण जोर लावतां लावतां घाम फुटतो. दळण तेंच, पीठ तेंच. धरण्याची जागा बदलली कीं जोर व गति यांचें प्रमाण बदलतें. अर्धतरंगाच्या तारेचेंहि असेंच आहे. तिच्या मध्यावर विद्युत्प्रवाह पुष्कळ व दाब थोडा असतो. टोंकांशीं प्रवाह जवळजवळ शून्य व दाब प्रचंड असतो. दाबास प्रवाहानें भागलें असतां जी संख्या येते तिला संरोध म्हणतात व ती ओहममध्यें मोजतात. मध्यावर हा संरोध सुमारें ७० ओहम असतो, टोंकाशीं दोन-चार हजार. आणि आपलीं यंत्रें ५० ओहमच्या संरोधास शक्ति देण्यासाठींच बनविलेलीं असतात. यंत्राच्या हातास जेथें खुंटा सोयीचा पडेल तेथें तो ठोकणें, किंवा तें शक्य नसल्यास मध्यें दुसरें चाक घालून जोर व गति यांचा मेळ बसविणें, हीच जुळणी होय.

एकाच पट्ट्यावर बोलावयाचें असेल तर हें अगदीं सोपें आहे. तारेचे मध्यावर दोन समान भाग करावे, तेथें केबल जोडावी, काम झालें. कठिण होतें तें एका तारेवर चार पट्टे चालवूं म्हटल्यावर. ७, १४, २१ व २८ या संख्या एकाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आहेत, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. तंबोऱ्याची तार जशी अखंडहि कंप पावते आणि तिचे दोन, तीन, चार समान भागहि वेगवेगळे कंप पावतात, तशीच आपली वीस मीटरची तार ७ मेगाहर्ट्झला एक अर्धतरंग, १४ ला दोन, २१ ला तीन व २८ ला चार अर्धतरंग धारण करते. आतां मध्यबिंदूवर काय होतें तें पाहा. ७ मेगाहर्ट्झला तेथें प्रवाहाची भरती आहे, संरोध थोडा. १४ मेगाहर्ट्झला तोच मध्य दोन अर्धतरंगांचा सांधा ठरतो, म्हणजे दोन टोंकें एकत्र आल्यासारखें होतें, आणि संरोध हजारोंवर जातो. २१ ला पुन्हां तो मधल्या भागाच्या मध्यावर येतो आणि संरोध शंभर ओहमच्या आसपास उतरतो. म्हणूनच चाळीस मीटरची साधी तार पंधरा मीटरवर आयती चालते, आणि वीस मीटरवर हटून बसते.

येथेंच बहुतेकांचा घात होतो. बाजारांत ट्यूनर नांवाची एक पेटी मिळते. कित्येक यंत्रांत ती अंगभूतच असते. बटण दाबलें कीं ती आंत खटखट करते, आणि जुळणी दाखविणाऱ्या मीटरची सुई एकास एक या शुभ अंकावर येऊन थांबते. मालक खूष होतो. परंतु ट्यूनरनें तारेची जुळणी केली नाहीं. त्यानें यंत्राची समजूत घातली, एवढेंच. गच्चीवर, जेथें केबल तारेस भेटते, तेथील भांडण पूर्ववत् चालू आहे. तारेस न मानवलेली शक्ति तेथून परत फिरते, ट्यूनरवर आपटून पुन्हां वर जाते, पुन्हां परतते. आणि प्रत्येक फेरीस केबल आपली जकात वसूल करते. ती जकात उष्णतेच्या रूपानें केबलींतच मुरते.

हा केवळ शाब्दिक आक्षेप नव्हे. आरजी-५८ या नांवानें मिळणारी बारीक केबल तीस मीटर घेतली, तर १४ मेगाहर्ट्झला, सर्व जुळलेलें असतांनाहि, १०० वॅटपैकीं सुमारें ७० वॅटच वर पोंचतात. त्याच केबलीच्या टोंकास साडेतीन हजार ओहमची तार जोडली तर हिशेबानें सातएक वॅट पोंचतात. बाकीचे त्र्याण्णव वाटेंत जिरतात. यांतली गंमत, किंवा दुर्दैव, असें कीं गच्चीवर सत्तरास एक असलेली विजोड खालीं यंत्राजवळ मीटरवर फक्त पांचास एक दिसते. कारण परत येणारी शक्तीहि वाटेंत जिरलेली असते. केबल जितकी निकृष्ट, तितका मीटर गोड बोलतो. पाण्यानें आंतून सडलेली लांबलचक केबल जोडली तर तिच्या टोंकास तार नसली तरीहि मीटर संतुष्ट असतो!

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचें असेंच झालें होतें. मीटर एकास एक, यंत्र उत्तम, उच्चार स्पष्ट. तरी वीस मीटरवर त्यांस कोणी उत्तर देईना. ते आयनांबरास दोष देत, सूर्यावरील डागांस देत, इमारतीच्या लोखंडास देत. चाळीस मीटरवर मात्र पुण्याचे लोक त्यांना चांगले ऐकत; त्यामुळें केबलीवर संशय यावयाचें कांहीं कारणच नव्हतें. शेवटीं एका अनुभवी मित्रानें ट्यूनर उचलून गच्चीवर, तारेच्या मुखाशीं, पत्र्याच्या डब्यांत बसविला, आणि त्याच सायंकाळीं परदेशांतून उत्तरें येऊं लागलीं. एकाहि वॅटची भर न घालतां.

ही समस्या नवी नाहीं. १९०९ सालीं हान्स बेगेरो या जर्मन गृहस्थानें झेपेलिन विमानांसाठीं टोंकाकडून शक्ति घेणाऱ्या लोंबत्या तारेचें पेटंट घेतलें. हौशी मंडळींत ‘झेप’ या नांवानें तिची आठवण राहिली. तीस शक्ति पोंचवावयाची ती दोन समांतर उघड्या तारांच्या शिडीनें. या शिडीचा गुण असा कीं तिच्यांत विजोड कितीहि असली तरी जकात नांवापुरती. तारांमधील अंतर दहा-पंधरा सेंटिमीटर, मध्यें कोठें कोठें प्लॅस्टिकच्या पट्ट्या, बाकी हवाच. आणि हवा कांहीं शोषून घेत नाहीं. वर सांगितलेली साडेतीन हजार ओहमची तार अशा तीस मीटर शिडीनें जोडली तर १०० पैकीं नव्वदाहून अधिक वॅट सुखरूप पोंचतात. यंत्राजवळ ट्यूनर ठेवणें अशा वेळीं शोभतें. आमच्या मतें चार पट्ट्यांसाठीं याहून सरळ उपाय दुसरा नाहीं. परंतु ही शिडी लोखंडी जाळीला, पत्र्याला, जलवाहिनीला चिकटवून नेतां येत नाहीं. आणि मानपाड्याच्या इमारतींत खिडकीपर्यंत येतांना जाळी, पत्रा व जलवाहिनी या तिघांशीं गांठ ठरलेलीच आहे.

केबलीची गोष्ट निराळी. एका नळींत दुसरी नळी, अशी तिची रचना असल्यामुळें ती कशालाहि चिकटवून नेली तरी आंतील शक्तीस बाहेरचा स्पर्श होत नाहीं. या युक्तीचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रानें फार लौकर पाहिला आहे. १९२७ सालीं इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या दरम्यान मार्कोनी कंपनीच्या ‘बीम’ पद्धतीनें बिनतारी संदेश सुरू झाले तेव्हां आपल्याकडील प्रक्षेपणकेंद्र पुण्याजवळ खडकीस व ग्रहणकेंद्र दौंडास होतें. या पद्धतीचा अभियंता सी. एस. फ्रँकलिन यानें यंत्रापासून खांबांवरील तारांपर्यंत शक्ति नेण्यासाठीं तांब्याची एक नळी दुसरींत बसवून मधें हवा ठेवली होती. आज टेलिव्हिजनच्या डबीपर्यंत येणारी काळी केबल ही त्या नळ्यांचीच नात.

केबल वापरावयाची तर तारेच्या मुखाशींच मेळ बसविला पाहिजे, हें आतां उघड झालें. त्याच्या रीती अनेक आहेत. अमेरिकेंतील लोरेन विंडम यानें १९२९ सालीं मध्य सोडून एका बाजूस शक्ति द्यावयाची तार प्रसिद्ध केली. तिच्या आजच्या रूपांत वीस मीटरच्या तारेस एक-तृतीयांशावर, म्हणजे एकीकडे ६.७ व दुसरीकडे १३.४ मीटर ठेवून, फोडतात. तेथें ७, १४ व २८ मेगाहर्ट्झला संरोध दोनशें ओहमच्या आसपास सांपडतो, आणि चारास एक प्रमाणाचा रोहित्र, ज्यास बालन म्हणतात, तो पन्नासावर आणतो. २१ ला मात्र ही तार निरुपयोगी. तीन अर्धतरंगांचा सांधा नेमका त्याच एक-तृतीयांशावर पडतो. इंग्लंडचे लुई व्हार्नी यांनीं १९४६ सालीं योजलेली व त्यांच्या संकेतनामावरून जी-५-आर-व्ही म्हणून गाजलेली ३१.१ मीटरची तार आपल्याकडेहि लोकप्रिय आहे. ती मुळांत १४ मेगाहर्ट्झवर तीन अर्धतरंगांसाठीं केलेली. इतर बहुतेक पट्ट्यांवर तिला ट्यूनर लागतोच, आणि तिच्याभोंवतीं जमलेल्या दंतकथांपैकीं बऱ्याच दंतकथांना तिचा जनक जबाबदार नाहीं. मधेंमधें वेटोळीं घालून केलेली ‘ट्रॅप’ची तारहि मिळते. ती चालते, परंतु वेटोळ्यांत पावसाचें पाणी शिरलें कीं मालकास वर चढावें लागतें.

ज्यांस गच्चीचा मध्यभाग मिळतो त्यांनीं पंख्यासारखी तार करावी असें आम्हीं सुचवूं. एकाच मध्यबिंदूपासून वीस मीटरची एक व दहा मीटरची दुसरी अशा दोन अर्धतरंग तारा एकमेकींपासून थोड्या फांकवून बांधावयाच्या, केबल एकच. ७ मेगाहर्ट्झची शक्ति थोड्या संरोधाच्या लांब तारेंत शिरते, १४ ची आंखूड तारेंत. आणि लांब तारेच्याच पुण्याईनें २१ फुकट मिळतो. तीन पट्टे, ट्यूनर नाहीं, रोहित्र नाहीं. तारा कापतांना प्रथम लांब जुळवावी, मग आंखूड, मग पुन्हां लांब. कारण एकीचा दुसरीवर परिणाम होतो. कापण्यापूर्वीं टोंक दुमडून पाहावें. कापलेली तार वाढत नाहीं.

परंतु पुष्कळांच्या वांट्यास गच्चीचा मध्य येत नाहीं. येते ती आपल्या घराची बाल्कनी आणि समोरचें एखादें झाड. त्यांच्यासाठीं टोंकाकडून शक्ति घेणारी तार हीच खरी सोय. तंबोऱ्याचा दृष्टांत पुन्हां आठवा: तार एक भाग होऊन वाजो कीं चार भाग होऊन वाजो, तिचें टोंक तें टोंकच राहतें. वीस मीटरच्या तारेच्या टोंकाशीं चारहि पट्ट्यांवर संरोध हजारोंत, जवळजवळ सारखाच असतो. म्हणून एकच रोहित्र चौघांना पुरतो. २४५० ओहमचे ५० करावयाचे तर प्रमाण एकोणपन्नासास एक, आणि वेढ्यांचें प्रमाण त्याचें वर्गमूळ, म्हणजे सातास एक. फेराइटच्या कड्यावर एकीकडे दोन वेढे व दुसरीकडे चौदा. कडें लहान असलें तर तें तापतें, आणि तापलेलें कडें म्हणजे वाया गेलेली शक्ति. दहा मिनिटें बोलून झाल्यावर यंत्र बंद करून त्यास हात लावून पाहावा. यंत्र चालू असतांना मात्र हात मुळींच लावूं नये. १०० वॅटला त्या टोंकाशीं जवळजवळ पांचशें व्होल्ट दाब असतो आणि त्यानें बोट भाजतें. बाल्कनींत खेळणाऱ्या मुलांचा हात पोंचेल अशा उंचीवर तारेचें कोणतेंहि टोंक असतां कामा नये, ही गोष्ट घरच्या गृहिणीनें स्वतः पाहून घ्यावी.

आतां शेजाऱ्यांच्या तक्रारीविषयीं. केबलीच्या आंत जाणारी शक्ति झांकलेली असते हें खरें. पण मेळ नीट नसला, विशेषतः टोंकाकडून शक्ति घेणाऱ्या तारेस दुसरा आधार दिला नसला, तर केबलीच्या बाहेरच्या अंगावरून एक चोरटा प्रवाह घराकडे परत येतो. मग ती सारी केबलच एरिअल बनते. शेजारच्या ध्वनिवर्धकांतून आपला आवाज उमटतो तो यामुळें. आणि उलट, लिफ्टचें यंत्र, इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिवे यांचा कर्कश गोंगाट त्याच मार्गानें आपल्या ग्रहणांत शिरतो. दाट वस्तींत हें दुसरें दुखणें अधिक मोठें. पुण्याचा क्षीण आवाज दिव्यांच्या गोंगाटांत बुडाला तर आपली सारी जुळणी व्यर्थ. उपाय स्वस्त आहे. केबलीचे दहा-बारा वेढे फेराइटच्या कड्यावर घालावे, तारेच्या मुखाशीं एक व घरांत शिरतांना दुसरें. टोंकाकडून शक्ति घेणाऱ्या तारेस मात्र वरचें कडें रोहित्रापासून दोन-तीन मीटर अलीकडे असावें, म्हणजे तेवढा केबलीचा तुकडा तिला आधार म्हणून उपयोगीं पडतो. यानें शेजारी संतुष्ट होतो, आपण संतुष्ट होतों, आणि कमिटीच्या सभेंत बोलावयास तोंड राहतें.

वीज पडण्याची भीतिहि खोटी नव्हे. तार वीज ओढून आणीत नाहीं, परंतु जवळपास पडलेल्या विजेचा झटका तिच्यांतून घरांत येऊं शकतो. वैशाखांतील वळवाच्या दिवसांत व हस्ताच्या पावसांत गडगडाट ऐकूं येतांच केबल यंत्रापासून सोडवून खिडकीबाहेर टाकावी. ढग डोक्यावर आल्यानंतर तिला हात लावूं नये. विजेच्या मंडळाच्या तारांवरून किंवा त्यांच्या खालून आपली तार कधींहि नेऊं नये. तुटून पडली तरी ती त्यांवर पडणार नाहीं इतकें अंतर दोन्ही बाजूंनीं असावें.

राहतां राहिला पावसाळा. ही सर्व कामें मृगाच्या आधीं उरकावीं. केबलीचा सांधा आधीं रबरी चिकटपट्टीनें व वर साध्या पट्टीनें, खालून वर अशा क्रमानें, गुंडाळावा, म्हणजे कौलांप्रमाणें वरची घडी खालचीवर येते. सांध्याच्या अलीकडे केबलीस खालीं झोळ द्यावा म्हणजे पाणी तेथून ठिबकून जातें, आंत शिरत नाहीं. तारेचें एक टोंक झाडास बांधलें असेल तर तें घट्ट आवळूं नये. दोरी लहान कप्पीवरून घेऊन तिला वाळूनें भरलेली बाटली टांगावी. वाऱ्यानें झाड झुकलें कीं बाटली वर जाते, सरळ झालें कीं खालीं येते, आणि तार तुटत नाहीं. श्रावण सरेपर्यंत उन्हापावसानें दोरी कुजते. ती गणपतीच्या सुमारास बदलावी.